पोलिसाचं पोट आणि ड्युटीचा तक्ता

21 फेब्रुवारी 2017 रोजी मुंबई महापालिकेसाठी मतदान होतं. लेखिका शोभा डे यांनी त्या दिवशी ट्विटरवर एका अतिशय स्थूल पोलिसाचं छायाचित्र टाकलं आणि मुंबईत आज ‘हेवी’ बंदोबस्त असल्याची कोटी केली. लोक हसले, पुढे पाठवत राहिले. मुंबई पोलिसांनी लगेच खुलासा केला की हा गणवेश आमचा नाही आणि अधिकारीही आमचा नाही. ते मध्य प्रदेशातल्या नीमचचे पोलीस निरीक्षक होते. वजन 180 किलो. 1993 मधल्या एका शस्त्रक्रियेनंतर शरीराचं तंत्र बिघडलं आणि वजन वाढत गेलं, असं त्यांनी स्वतः सांगितलं. काही आठवड्यांत मुंबईतल्याच डॉक्टरांनी त्यांच्यावर वजन घटवण्याची शस्त्रक्रिया केली.

एका आजारी माणसाच्या फोटोवर इतक्या सहज हसता आलं, कारण निकाल आधीच लागलेला होता. पोट सुटलेला पोलीस म्हणजे आळशी, फुकटचं खाणारा, चोर पळाला की धापा टाकत मागे राहणारा, हे चित्र लोकांच्या मनात पक्कं बसलेलं आहे. हिंदी-मराठी सिनेमांनी ते वर्षानुवर्षं घोटून घेतलं. आता तेच चित्र सरकारी कागदावर उतरू लागलं आहे. मे 2023 मध्ये हरियाणाचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल विज यांनी जास्त वजनाच्या पोलिसांना ठाण्यांतून काढून पोलीस लाइनमध्ये धाडण्याचे आदेश दिले. त्याच महिन्यात आसामचे तेव्हाचे पोलीस महासंचालक जी. पी. सिंग यांनी जाहीर केलं की सगळ्यांचा बीएमआय मोजला जाईल, 30 च्या वर असणाऱ्यांना वजन उतरवायला मुदत मिळेल आणि तरीही न उतरल्यास स्वेच्छानिवृत्तीचा पर्याय पुढे ठेवला जाईल. थायरॉइडसारख्या आजारांना सूट होती, आयपीएस अधिकारीही मोजमापातून सुटले नव्हते आणि महासंचालकांनी पहिलं मोजमाप स्वतःचं दिलं, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. वृत्तपत्रांनी मात्र सगळा भर ‘ढेरपोट्यांना घरचा रस्ता’ अशा थाटाच्या मथळ्यांवर दिला. तेव्हापासून कुठेही पोलिसांच्या तंदुरुस्तीचा विषय निघाला की हाच उपाय सांगितला जातो: काट्यावर उभं करा आणि मापात न बसणाऱ्याला काढून टाका.

या म्हणण्यातली पहिली पायरी बरोबर आहे. पोलीस तंदुरुस्त हवाच. जमाव अंगावर आला, पुराच्या पाण्यातून माणसं काढायची वेळ आली, सोनसाखळी चोर गल्लीबोळातून पळाला, तर तिथे उभ्या असलेल्या अंमलदाराचा दमसास हीच नागरिकाची सुरक्षितता असते. यावर वाद नाही. वाद आहे तो कारणाबद्दल. कारण चुकलं की उपाय चुकतो, आणि इथे रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा प्रकार चाललेला आहे.

सुरुवात भरतीच्या मैदानापासून करावी. महाराष्ट्रात 2024 मध्ये पोलीस भरतीच्या 17,471 पदांसाठी सुमारे 17 लाख 76 हजार अर्ज आले. म्हणजे एका जागेमागे शंभर उमेदवार. पुरुष उमेदवाराची उंची किमान 165 सेंटीमीटर, छाती न फुगवता 79 आणि फुगवून आणखी 5 सेंटीमीटर. मग 1600 मीटर धावणं, 100 मीटर धावणं, गोळाफेक, मिळून 50 गुण. या 50 गुणांसाठी मराठवाड्यातली, खानदेशातली, जतसारख्या दुष्काळी भागातली पोरं-पोरी पहाटे चार वाजता डांबरी रस्त्यावर धावतात. कुणी दोन वर्षं, कुणी चार वर्षं. शेतातल्या बांधावर गोळा फेकून खांदा तयार करतात. सेकंदाच्या फरकाने गुण जातो, म्हणून घड्याळ लावून पळतात. या महाराष्ट्रात त्या वयोगटातली सगळ्यात काटक मुलं कुठे असतील, तर ती पोलीस भरतीच्या मैदानावर असतात. आळशी माणूस या चाळणीतून खाली पडतच नाही.

मग हाच मुलगा पंचेचाळिशीत जिना चढताना का थांबतो?

निवडीनंतर नानवीज, खंडाळा, जालना, तुर्ची किंवा मरोळच्या प्रशिक्षण केंद्रात महिने जातात. पहाटेची पीटी, परेड, अडथळ्यांची शर्यत. तिथून बाहेर पडताना तो आयुष्यातल्या सगळ्यात उत्तम प्रकृतीत असतो. आणि त्या दिवशी त्याच्या शरीराकडे पाहणं खातं जवळपास थांबवतं. वयाच्या 58व्या वर्षी निवृत्त होईपर्यंत, म्हणजे तीस-बत्तीस वर्षं, त्याला पुन्हा ते 1600 मीटर धावून दाखवावे लागत नाहीत. कवायत मैदानावर आठवड्याची परेड कागदावर असते, पण ठाण्यातला अंमलदार तिथे पोहोचेल कसा? तो रात्रपाळी संपवून आरोपीला रिमांडसाठी कोर्टात घेऊन गेलेला असतो. अटकेनंतर 24 तासांत हजर करणं कायद्याने बंधनकारक आहे. परेड चुकली तर फार तर कुणी ओरडेल.

पुण्यातल्या विसर्जन मिरवणुकीचा एक दिवस घ्या. ही मिरवणूक अलीकडे 24 तासांतही आटपत नाही. बेलबाग चौकापासून अलका टॉकीज चौकापर्यंतच्या लक्ष्मी रस्त्यावर जो अंमलदार पॉइंटला लागतो, तो सकाळी हजेरीला आलेला असतो आणि पुढच्या उजाडत्या दिवसाचा प्रकाश त्याला त्याच रस्त्यावर दिसतो. पायात जाड बूट, हातात काठी, समोर दोरी, कानाशी ढोल आणि स्पीकरच्या भिंती. बसायला जागा म्हणजे बंद दुकानाची पायरी, तीही साहेबांची गाडी दिसेपर्यंत. जेवण पाकिटातून येतं, यायचं तेव्हा येतं, आणि त्यात पुरी, बटाट्याची भाजी, नाहीतर वडापाव असतो. मधल्या वेळेला चहा, प्रत्येक कपात दोन चमचे साखर. मधुमेहाची गोळी जेवणाआधी घ्यायची असते. जेवण कधी हे ठाऊक नसल्याने ती खिशातच राहते. शेजारी उभी असलेली महिला अंमलदार दुपारपासून पाणी पीत नाही. तहान असते, पण स्वच्छतागृह शोधायचं तर पॉइंट सोडावा लागतो. असे दिवस वर्षात एकदा येत नाहीत. गणपती झाले की नवरात्र, मग दिवाळी, मग निवडणूक, मोर्चा, व्हीआयपी दौरा, क्रिकेटचा सामना, जयंत्या, अधिवेशन. दोन बंदोबस्तांच्या मधल्या काळात नाकाबंदी, समन्स-वॉरंट, पंचनामे, नाईट राऊंड.

हे एखाद्या सणापुरतं आहे असं म्हणणाऱ्यांसाठी आकडे आहेत. पोलीस संशोधन व विकास ब्युरोसाठी हैदराबादच्या ॲडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेजने केलेला देशव्यापी अभ्यास 2014 मध्ये पुढे आला. ठाण्यांतले दहापैकी नऊ कर्मचारी रोज आठ तासांहून जास्त काम करतात, आणि जवळजवळ तीन चतुर्थांश जणांना महिन्यातून एकही साप्ताहिक सुट्टी धड मिळत नाही, असं त्यात दिसलं. 2019 मध्ये कॉमन कॉज आणि लोकनीती-सीएसडीएस यांच्या अहवालाने पोलिसांचा सरासरी कामाचा दिवस 14 तासांचा असल्याचं नोंदवलं; निम्म्या पोलिसांना साप्ताहिक सुट्टीच नव्हती. चौदा तास ड्युटी, दोन तास जाणं-येणं, मग उरलेल्या आठ तासांत झोप, आंघोळ, मुलांचा अभ्यास आणि म्हातारे आईवडील. ‘रोज अर्धा तास पळा’ हा सल्ला देणाऱ्याने हा अर्धा तास कुठून काढायचा तेही सांगावं.

अपुरी झोप आणि फिरत्या पाळ्या माणसाला नुसतं थकवत नाहीत, आतून बदलतात. इन्सुलिनचं काम बिघडतं, भूक वाढवणारी संप्रेरकं जोर धरतात, चरबी कमरेभोवती साठते. अमेरिकेतल्या बफेलो शहराच्या पोलिसांवर जॉन व्हायोलांती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं अभ्यास केला. रात्रपाळी, कमी झोप आणि जादा काम हे तिन्ही एकत्र आले की वाढलेली कंबर, रक्तदाब आणि साखर यांचा गुच्छ पोलिसांमध्ये ठळकपणे जास्त आढळतो, असं त्यातून पुढे आलं. बफेलोच्या पोलिसाला लक्ष्मी रस्त्यावरचा बंदोबस्त नसतो. तिथे जर हे होत असेल, तर इथे काय होत असेल याचा अंदाज बांधायला डॉक्टर असण्याची गरज नाही.

यावर एक ठरलेलं उत्तर येतं: लष्कराकडे बघा. जवानही कठीण परिस्थितीत राहतो, त्याचं पोट का सुटत नाही? हा प्रश्न विचारणारे दोन गोष्टी सोडून देतात. जवानाची पीटी हा त्याच्या ड्युटीचा भाग असतो. त्याची शारीरिक चाचणी ठरावीक काळाने होते, ती वयोगटानुसार होते आणि तिची तयारी सेवेच्या वेळात होते. त्याला वर्षाकाठी सलग मोठी रजा मिळते, लंगरचं वेळेवरचं जेवण मिळतं. दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. 2022 आधी भरती झालेला साधा शिपाई पंधरा-सतरा वर्षांची सेवा करून चाळिशीच्या आसपास लष्करातून निवृत्त होतो. पोलीस अंमलदार त्या वयात अर्ध्या वाटेवर असतो. अजून अठरा वर्षं त्याला त्याच रस्त्यावर उभं राहायचं असतं. तुलना करायचीच तर आपल्याच राज्य राखीव पोलीस दलाशी करावी. माणसं त्याच गावांतून येतात, गणवेशही खाकीच. पण तिथे कंपनीत असताना पीटी-परेड हे काम म्हणून मोजलं जातं.

आता वजनकाट्याकडे येऊ. आसामात सुमारे 70 हजार पोलिसांचं मोजमाप झालं आणि 30 च्या वर बीएमआय असलेले निघाले 1,700 च्या थोडे वर. अडीच टक्के! देशभर चर्चा झाली ती जणू निम्मं दल लठ्ठ असल्यासारखी. शिवाय बीएमआय म्हणजे वजन आणि उंचीचा वर्ग यांचं गुणोत्तर. एकोणिसाव्या शतकात बेल्जियमच्या केटले या संख्याशास्त्रज्ञाने ते लोकसमूहाचा अभ्यास करण्यासाठी मांडलं. एका माणसाच्या कामाच्या क्षमतेबद्दल ते फार थोडं सांगतं. 165 सेंटीमीटर उंचीच्या अंमलदाराचं वजन 82 किलो झालं की तो 30 चा आकडा ओलांडतो, मग ते वजन खांद्या-मांड्यांचं असो वा पोटाचं. आखाड्यात घाम गाळलेला कोल्हापूरचा पैलवान पोलिसात गेला तर तो इथे नापास होईल. उलट 66 किलोचा, हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे आलेला, साखर वाढलेला माणूस सहज पास होईल. भारतीय शरीरात चरबी पोटाच्या आत साठते, म्हणून आपल्याकडचे डॉक्टर 23 पासूनच सावध करतात आणि पुरुषाची कंबर 90, स्त्रीची 80 सेंटीमीटरच्या वर गेली की धोका मानतात. म्हणजे 30 चा आकडा धडधाकटांना पकडतो आणि खऱ्या रुग्णांना सोडून देतो. इतक्या ढोबळ मापावर एखाद्याची भाकरी ठरवणं हा अन्याय आहे.

आणि धमकी देऊन पळायला लावणं जीवघेणंही ठरू शकतं. हार्वर्डच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या पोलिसांच्या अचानक हृदय बंद पडून झालेल्या 441 मृत्यूंचा अभ्यास 2014 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडला. साध्या, धावपळ नसलेल्या कामाच्या तुलनेत झटापटीच्या वेळी हा धोका किमान 34 पटींनी वाढलेला होता, पाठलागाच्या वेळी किमान 32 पटींनी. शारीरिक सरावाच्या वेळीही तो 20 पटींच्या वर होता. ज्या शरीराला वीस वर्षं व्यायामापासून तोडलं, त्याला तीन महिन्यांची मुदत देऊन मैदानावर उतरवणं म्हणजे काय, हे यातून कळतं. झारखंडात 2024 मध्ये उत्पादन शुल्क शिपाई भरतीच्या 10 किलोमीटर धावण्यात दहाहून जास्त तरुण उमेदवारांचे जीव गेले. त्यातले बहुतेक विशीतले होते. पन्नाशीतल्या मधुमेही हवालदाराला तपासणीशिवाय पळवण्याआधी हे आठवलं पाहिजे.

पोलीस दलातूनही एक चुकीचं उत्तर येतं, त्यालाही सोडून चालणार नाही. ‘वय झालं की पोट येणारच, अनुभव महत्त्वाचा, पोलिसाला डोकं लागतं, पळायला नवीन पोरं आहेत.’ अनुभवाचं मोल खरं आहे. बीटवरच्या जुन्या हवालदाराला कोणत्या घरात कोण राहतो हे ठाऊक असतं, ते नव्या पोराला वर्षभर कळत नाही. पण या युक्तिवादाखाली एक हार मान्य केलेली आहे. एप्रिल 2020 मध्ये कोविड पसरत असताना मुंबई पोलिसांनी 55 वर्षांवरच्या कर्मचाऱ्यांना घरी राहायला सांगितलं आणि 52 वर्षांवरच्या आजारी सहकाऱ्यांनाही. निर्णय योग्यच होता, त्याने जीव वाचले असतील. पण त्यातून हेही उघड झालं की पन्नाशीनंतर आपल्या माणसांची प्रकृती ढासळलेली असते, हे खातं जाणून आहे. जाणून असेल तर मग आधीची तीस वर्षं हात बांधून का बसायचं? आणि फुकटच्या वडापावचा आरोप? जिथे खरा असेल तिथे तो भ्रष्टाचार आहे, त्यावर कारवाई भ्रष्टाचार म्हणूनच व्हावी. सगळ्या दलाच्या आजारपणाचं कारण म्हणून तो पुढे करणं खोटं आहे.

उत्तर याच मुंबईत सापडलं होतं. देवनार पोलीस ठाण्यातल्या एका अंमलदाराने आठ तासांच्या पाळ्यांचा तक्ता स्वतः बसून तयार केला आणि तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांच्यापुढे मांडला. आयुक्तांनी तो बाजूला सारला नाही. मे 2016 मध्ये देवनारला प्रयोग सुरू झाला आणि 2017 च्या सुरुवातीला मुंबईतल्या सगळ्या ठाण्यांत नेला गेला. मनुष्यबळ पुरणार नाही, ही आक्षेपाची पहिली ओळ तेव्हाही होती. पोलीस संशोधन व विकास ब्युरोसाठीच्या त्या 2014 च्या अभ्यासानेही आठ तासांच्या पाळीसाठी देशभरातल्या ठाण्यांत दोन तृतीयांशाहून जास्त वाढीव माणसं लागतील असं म्हटलं होतंच. तरी देवनारने दाखवलं की जे आहे त्यातही तक्ता नीट मांडला तर श्वास घ्यायला जागा निघते. दुःख याचं आहे की कोविडच्या धामधुमीत ही घडी मोडली. जानेवारी 2022 मध्ये मुंबईत आठ तासांची ड्युटी नव्याने जाहीर करावी लागली, ती प्रायोगिक तत्त्वावर आणि फक्त महिला अंमलदारांसाठी. ज्या प्रयोगाला यश आलं त्याला प्रयोगच ठेवायचं, ही सरकारी सवय इथे माणसांच्या हृदयावर बेतते आहे.

पैशाचं चित्रही असंच उलटं आहे. महाराष्ट्रात तंदुरुस्त राहणाऱ्या पोलिसाला प्रोत्साहन म्हणून महिन्याला 250 रुपये भत्ता ठेवला गेला. दिवसाला साडेआठ रुपयेसुद्धा होत नाहीत. दुसरीकडे पोलीस कुटुंब आरोग्य योजना 2005 पासून गंभीर आजारांच्या रुग्णालयीन खर्चाला आधार देते आणि तिने अनेक घरं सावरली आहेत. ती हवीच. पण हृदयाच्या शस्त्रक्रियेला लाखो रुपये आणि ती वेळ येऊ नये म्हणून साडेआठ रुपये, हे प्रमाण कुठल्याही हिशेबात बसत नाही.

चाचणीला विरोध कुणी करू नये. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2014 पासून पोलिसांची दरवर्षी चाचणी होते. 15 मीटर अंतरात शिट्टीच्या तालावर ये-जा करत वेग वाढवत न्यायचा असतो, साडेतीन मिनिटांच्या आसपास. पंचविशीचा असो वा पन्नाशीची, पातळी एकच, कारण काम एकच. वजन कुणी विचारत नाही. नापास होणाऱ्याला आधी साहाय्य मिळतं, सरावाला वेळ मिळतो, पुन्हा संधी मिळते. कारवाईचा विषय त्यानंतर येतो. महाराष्ट्राने आपली चाचणी आपल्या कामावरून बांधावी: पूर्ण गणवेशात तीन मजले चढणं, जखमी माणसाला ओढून वीस मीटर नेणं, ठरावीक अंतर ठरावीक वेळेत चालणं. चाचणीआधी ईसीजी, साखर आणि रक्तदाब. सरावाचे आठवड्याचे तीन तास ड्युटी म्हणून स्टेशन डायरीत नोंदवलेले, कुणाच्या मेहरबानीवर न सोडलेले. बंदोबस्ताच्या पाकिटात उकडलेली अंडी, चणे, केळी, ताक. खर्च फारसा वाढत नाही, ठेकेदाराची यादी बदलावी लागते. आणि प्रत्येक मोठ्या बंदोबस्तात महिला अंमलदारांसाठी फिरतं स्वच्छतागृह.

जबाबदारी मात्र वरपर्यंत गेली पाहिजे. एखाद्या ठाण्यातल्या निम्म्या लोकांची साखर पाच वर्षांत चढली, तर त्या निम्म्यांना नोटीस काढण्याआधी तिथल्या प्रभारी अधिकाऱ्याला विचारावं की किती जणांना किती साप्ताहिक सुट्ट्या दिल्या आणि सलग किती रात्री लावल्या. पोलीस अधीक्षकांच्या वार्षिक मूल्यमापनात गुन्ह्यांच्या उकलीचं प्रमाण येतं, तसंच आपल्या माणसांच्या प्रकृतीचं येऊ द्या. 2024 च्या भरतीतून दलात आलेला पंचविशीचा तरुण 2057 पर्यंत या राज्याच्या रस्त्यांवर असणार आहे. त्याचं 1600 मीटरचं मिनिट-सेकंद भरतीच्या कागदावर आजही लिहिलेलं आहे. पुढच्या वर्षीचा आकडा त्याच्याखाली लिहायला नवा कायदा लागत नाही, निधी लागत नाही. आणि तो आकडा घसरला, तर त्या वर्षीचा ड्युटीचा तक्ताही त्याच फाइलला जोडावा.